फुल-अपग्रेड केलं, तरी उबंटू बावीसच का?

"दादा, फुल-अपग्रेड मारलं, मशीन रीस्टार्ट केलं, तरी २२.०४ च दाखवतंय." नाशिकमध्ये सातपूर-अंबडच्या छोट्या ऑफिसांतले उबंटू (लिनक्सवर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम) पीसी जो कोणी सांभाळतो, त्याला हे कधी ना कधी ऐकावं लागतंच. कमांड चुकलेली नसते. फक्त हवं असलेलं काम त्या कमांडचं नसतं.

कमांड दोन आहेत: एपीटी (सॉफ्टवेअर बसवणारं साधन) फुल-अपग्रेड आहे त्याच आवृत्तीतलं सॉफ्टवेअर ताजं करते, आणि पुढच्या आवृत्तीवर नेते ती डू-रिलीज-अपग्रेड. दोन्ही सुडो (अ‍ॅडमिनचे अधिकार) लावून चालवायच्या, दोन्ही ढीगभर पॅकेजं (सॉफ्टवेअरचे गठ्ठे) उतरवतात, म्हणून घोळ होतो. त्यातून जुन्या सूचनांमध्ये फुल-अपग्रेडचंच नाव डिस्ट-अपग्रेड असं असतं. ते वाचून कुणालाही वाटेल की आता अख्खी सिस्टिम पुढच्या आवृत्तीवर जाणार.

खरं तर साध्या अपग्रेडहून फुल-अपग्रेडचा फरक एवढाच: एपीटी अपग्रेड बसवलेलं एकही पॅकेज काढत नाही. नवी आवृत्ती बसवायला जुनं काही काढावं लागणार असेल, तर ते पॅकेज जसंच्या तसं मागे ठेवतं. फुल-अपग्रेड गरज पडल्यास ते जुनं काढून टाकतं. म्हणून 'वाय' दाबण्याआधी काढल्या जाणाऱ्या पॅकेजांची यादी नीट वाचायची. तिथे डेस्कटॉपचं किंवा डेटाबेसचं नाव दिसलं तर सरळ 'एन'.

मग आवृत्ती ठरते कुठे? सोर्सेसच्या फाइलीत, म्हणजे पॅकेजं कुठून आणायची ते लिहिलेलं असतं तिथे. ठक्कर बाजारच्या स्टँडवर उभ्या एसटीला सिन्नरची पाटी असेल, तर ड्रायव्हर कितीही तयारीचा असो, गाडी संगमनेरला जाणार नाही. उबंटू २२.०४ च्या त्या फाइलीत 'जॅमी' हे त्या आवृत्तीचं टोपणनाव लिहिलेलं असतं. तोवर फुल-अपग्रेड जॅमीतलीच ताजी पॅकेजं आणणार; २४.०४ म्हणजे 'नोबल', ते तिला दिसतच नाही.

डेबियनवाल्यांच्या (उबंटू ज्यावर बेतलंय ती सिस्टिम) सूचना इथेच गोंधळात भर घालतात, आणि त्या चुकीच्या नसतात. डेबियनमध्ये मोठी उडी खरोखरच फुल-अपग्रेडने मारतात: आधी सोर्सेसमध्ये हाताने 'बुकवर्म'चं (डेबियन १२) 'ट्रिक्सी' (डेबियन १३) करायचं, यादी अपडेट करायची, साधं अपग्रेड, मग फुल. डू-रिलीज-अपग्रेड तिथे नसतंच. एखाद्याने फाइलीत नावाऐवजी 'स्टेबल' (म्हणजे त्या वेळची चालू स्थिर आवृत्ती) लिहून ठेवलं असेल, तर ९ ऑगस्ट २०२५ ला डेबियन १३ आल्यावर त्याची नेहमीची कमांड तिकडे न्यायला निघाली असणार. सर्व्हरवर 'स्टेबल' लिहू नये, असं माझं ठाम मत आहे.

उबंटूवर मात्र जॅमी खोडून नोबल लिहिण्याची हुशारी नको. डू-रिलीज-अपग्रेड नावं बदलण्यापलीकडे बरंच करतं: चालू आवृत्तीचे अपडेट बाकी असतील तर आधी ते करायला लावतं, उबंटूबाहेरचे, इतरांनी दिलेले सोर्सेस बंद करतं, त्या-त्या आवृत्तीच्या माहीत असलेल्या अडचणी सांभाळतं, शेवटी निकामी पॅकेजं काढायची का ते विचारतं. एसएसएचवरून (दुसऱ्या मशीनवरून दूरस्थ जोडणी) चालवलं तर १०२२ पोर्टवर जादा एसएसएच सर्व्हर उघडतं, म्हणजे मुख्य जोडणी तुटली तर आत शिरायला दुसरी वाट राहते. बंद केलेले सोर्सेस नंतर आपणच पुन्हा चालू करायचे असतात. हे बहुतेक जण विसरतात आणि ते सॉफ्टवेअर जुनंच राहतं.

आणखी एक गैरसमज. २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, पण २२.०४ वाल्यांना लगेच ते मिळणार नव्हतं. एलटीएसवरून (दीर्घकाळ अपडेट मिळणारी आवृत्ती, २२.०४ आणि २४.०४ दोन्ही तशाच) एलटीएसवर जायचा रस्ता पहिल्या पॉइंट रिलीजनंतर (त्याच आवृत्तीची '.१' लागलेली सुधारित प्रत) उघडतो, आणि २४.०४.१ आलं ऑगस्टच्या अखेरीस. मधल्या काळात 'नवी आवृत्ती सापडली नाही' असं दिसलं, की काही जण डू-रिलीज-अपग्रेडच्या मागे 'डॅश डी' (-d) लावून मोकळे होतात. तो पर्याय चाचणी करणाऱ्यांसाठी आहे, जीएसटीचं काम चालणाऱ्या मशीनसाठी नाही.

२०.०४ वर राहिलेल्यांना थेट २४.०४ गाठता येत नाही. आधी २२.०४, मग पुढे. दोन्ही टप्पे एकाच रविवारी उरकायचे असतील, तर बॅकअप शनिवारीच घ्या आणि यूपीएसची बॅटरी तपासून ठेवा.