शाळेचा लॅपटॉप सुट्टीत का मरतो?

‘प्रत्येक विद्यार्थ्याला लॅपटॉप’ अशी घोषणा झाली की किंमत, पडदा आणि अभ्यासक्रम यांवर भरपूर बोललं जातं. बॅटरीचा विषय कुणी काढत नाही. वर मुलांना सल्ला मिळतो: ‘पूर्ण उतरू द्या, मगच चार्जिंगला लावा.’ हा नियम जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या जमान्यातला. आजच्या लॅपटॉपमधल्या लिथियम-आयन बॅटरीला तो मारक आहे.

चार्ज होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) धन अग्रातून निघून ऋण अग्रावरच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. पहिल्याच चार्जिंगला ग्रॅफाइटवर एक पातळ साय धरते. ती हवीच. ती आयनांना वाट देते आणि इलेक्ट्रोलाइटचं, म्हणजे आयन वाहून नेणाऱ्या द्रवाचं, विघटन आवरते. पण ही साय जाड होत जाते आणि थोडं थोडं लिथियम कायमचं अडकवून ठेवते. सेल (बॅटरीतला एक घटक) 4.2 व्होल्टपर्यंत, म्हणजे पूर्ण, भरलेला आणि शिवाय तापलेला असेल, तर ती झपाट्याने वाढते. मुलांसाठी 2007 मध्ये आलेल्या एक्सओ-1 लॅपटॉपमध्ये लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरीही वापरली होती, ती याच कारणाने मला फार शहाणपणाची वाटते: तिचा सेल साधारण 3.65 व्होल्टलाच भरतो आणि उष्णताही अधिक सोसतो.

दुसऱ्या टोकाला, व्होल्टेज 2.5 च्या बरंच खाली गेलं की ग्रॅफाइटखालचा तांब्याचा पातळ पत्रा विरघळू लागतो. पुढच्या चार्जिंगला ते तांबं भलतीकडे साचून सेल आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. म्हणून संरक्षक सर्किट असा सेल चार्जच करू देत नाही.

आता सुट्टीचा हिशोब. बॅटरी 45 वॉट-तासांची आहे आणि बंद लॅपटॉपही 5 मिलिवॉट खातो, असं धरू. 5 टक्के शिल्लक असेल तर 19 दिवसांत शून्य. 50 टक्के असेल तर सहा महिने निघतात.

म्हणून सुट्टीआधी 50-60 टक्के चार्ज ठेवा. स्लीपवर न टाकता पूर्ण बंद करा. थप्पी न लावता सावलीत, उभे ठेवा आणि दर दोन महिन्यांनी तपासा. सतत प्लगला असणाऱ्या यंत्रात 80 टक्के मर्यादेची सोय असेल तर ती चालू करा. 45 वॉटचे 40 चार्जर एकदम लावले तर भार 1800 वॉट होतो. वीस-वीसच्या दोन पाळ्या करा, एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर सगळे नकोत. ‘बॅटरी वाचवणारे’ स्टिकर विकले जातात, त्यांचा सेलमधल्या रसायनाशी काडीचाही संबंध नाही.

टचपॅड वर उचलला गेला असेल तर बॅटरी फुगली आहे. तो लॅपटॉप लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका आणि बॅटरी दाबू किंवा टोचू नका.