ओपनस्ट्रीटमॅपवरील सायकल-प्रवेशाचे टॅग

ओपनस्ट्रीटमॅप या स्वयंसेवकांनी घडवलेल्या जागतिक नकाशात (स्थापना २००४, ब्रिटन) कोणत्या रस्त्यावर सायकलला कायद्याने मुभा आहे, कुठे मनाई आहे आणि कुठे अटी आहेत, हे नोंदवण्याची पद्धत. प्रत्येक टॅग म्हणजे ‘की’ (गुणधर्माचे नाव) आणि ‘व्हॅल्यू’ (त्याचे मूल्य) यांची जोडी. ‘हायवे’ या कीवरून रस्त्याचा प्रकार कळतो, ‘बायसिकल’वरून हक्क. ‘येस’ म्हणजे जाता येते, ‘नो’ म्हणजे बंदी, ‘डिसमाउंट’ म्हणजे उतरून सायकल ढकलत न्यावी, ‘डेझिग्नेटेड’ म्हणजे सायकलसाठी ठरवून दिलेला मार्ग. रस्ता सायकलसाठी सुखाचा आहे की जिवावर बेतणारा, याच्याशी या कीचा संबंध नाही. नवखे मॅपर इथेच घसरतात. ट्रकांची वर्दळ पाहून ‘नो’ लिहिले, की मार्ग सुचवणारी ॲप्स चालवण्यास खुला असलेला रस्ता वगळू लागतात.

जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. तिथे निळ्या गोल फलकावर पांढरी सायकल दिसली, की तो सायकलमार्ग वापरणे सक्तीचे. मग शेजारच्या मुख्य रस्त्यावर ‘नो’ लावावे का? नाही, कारण सायकलमार्ग खोदलेला किंवा बर्फाने बुजलेला असेल, तर सायकलस्वाराला रस्त्यावरून जाता येते. या मधल्या स्थितीसाठी ‘यूज साइडपाथ’ ही वेगळी व्हॅल्यू रूढ झाली. विशेष धोका असेल तिथेच अशी सक्ती करता येते, असे तिथल्या संघीय प्रशासकीय न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले. फलक उतरला, की टॅगही बदलावा लागतो.

एकदिशा रस्त्यावर सायकलला उलट दिशेनेही परवानगी असल्यास ‘वनवे:बायसिकल=नो’ लिहितात. बेल्जियमसारख्या देशात अशा गल्ल्या पुष्कळ आहेत. फ्रान्समध्ये काही सिग्नलवर, इतरांना वाट देऊन, लाल दिवा असतानाही सायकलला उजवीकडे वळता येते. त्यासाठीही स्वतंत्र टॅग आहे.

टॅगच नसेल, तर मार्ग शोधणारे सॉफ्टवेअर रस्त्याच्या प्रकारावरून अंदाज बांधते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग ‘मोटरवे’ असल्याने सायकल आपोआप वगळली जाते; जुना मुंबई-पुणे महामार्ग मात्र खुला आहे. एखाद्या साध्या उड्डाणपुलावर सायकलबंदीचा फलक असेल, तर ‘नो’ हाताने नोंदवावे लागते, नाहीतर ॲप सायकलस्वाराला बिनदिक्कत त्यावर चढवते.

आपल्याकडे खरी पंचाईत नियम आणि वहिवाट यांतल्या अंतराची. पेठेतल्या एकदिशा रस्त्यावरून सगळेच उलटे येतात, पण तेवढ्यावरून तिथे सवलतीचा टॅग लावता येत नाही. तशी सवलत फलकावर असावी लागते. तसेच पुण्यातल्या एखाद्या सायकल ट्रॅकवर गाड्या उभ्या राहत असल्या, तरी त्याचे ‘डेझिग्नेटेड’ काढायचे नसते. उखडलेल्या फरशा, अपुरी रुंदी, मध्येच रोवलेले खांब यांच्यासाठी वेगळ्या कीज आहेत आणि त्या भरण्यात कंजुषी करू नये.