फॅन्टसी फुटबॉल ड्राफ्ट

ठरावीक मित्रमंडळींच्या लीगमध्ये खऱ्या फुटबॉलपटूंची आळीपाळीने निवड करून संघ बांधण्याची पद्धत. लीगमध्ये एक खेळाडू एकाच संघाचा असतो आणि मैदानावरच्या त्याच्या कामगिरीचे गुण त्या संघाला मिळतात. पद्धत मूळची अमेरिकेतली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ओकलंडमध्ये तिथल्या, म्हणजे अमेरिकन फुटबॉलवर पहिली लीग निघाली. इथे विचार केला आहे तो इंग्लिश प्रीमियर लीगवर चालणाऱ्या ड्राफ्टचा, तोही नागपुरात बसून खेळणाऱ्यांच्या सोयीने.

प्रीमियर लीगच्या नेहमीच्या फॅन्टसी खेळात प्रत्येकाला १०० दशलक्ष पौंडांचे बजेट मिळते आणि एकच मोठा खेळाडू लाखो संघांत दिसतो. २०१७-१८ च्या हंगामात सुरू झालेल्या ड्राफ्टमध्ये बजेट नाही, कप्तान नाही, एका क्लबचे तीनच खेळाडू ही अटही नाही. संघाची घडण मात्र तीच असते : २ गोलकीपर, ५ डिफेंडर, ५ मिडफिल्डर, ३ फॉरवर्ड, एकूण १५. त्यातले ११ खेळवायचे. त्यात एक गोलकीपर, किमान ३ डिफेंडर आणि किमान एक फॉरवर्ड हवाच.

निवडीचा क्रम

क्रम नागमोडी असतो. ८ जणांच्या लीगमध्ये पहिल्या फेरीत १ ते ८, दुसऱ्या फेरीत उलट ८ ते १, पुन्हा सुलट. म्हणजे पहिल्या क्रमांकाला १, १६, १७, ३२ या निवडी येतात, आठव्याला ८, ९, २४, २५, आणि चौथ्याला ४, १३, २०, २९. टोकाला बसलेल्याला दोन खेळाडू लागोपाठ मिळतात, पण नंतर १४ निवडी नुसते बघत बसावे लागते. त्यामुळे टोकाच्या माणसाने आवडता खेळाडू ‘पुढच्या फेरीत घेऊ’ म्हणून सोडू नये, तो उरत नाही. मधल्या क्रमांकाला थोडे थांबता येते.

सातव्या क्रमांकाची एक सोय फारसे कोणी वापरत नाही. विषम फेरीतली त्याची निवड आणि लगेचची सम फेरीतली निवड यांच्या मध्ये फक्त आठवा माणूस दोनदा निवडतो. त्याचे तिन्ही फॉरवर्ड भरलेले असतील तर तो चौथा घेऊच शकत नाही. अशा वेळी आधी मिडफिल्डर उचलावा, फॉरवर्ड परतीच्या निवडीत मिळतोच. पहिल्या बाजूला हीच सोय दुसऱ्या क्रमांकाला असते, फक्त फेऱ्या उलट. म्हणून ड्राफ्टला बसताना आठही संघांच्या रिकाम्या जागा कागदावर मांडून ठेवाव्यात. हा कागद कुठल्याही तज्ज्ञाच्या यादीपेक्षा जास्त कामाचा आहे.

कोणाला कधी उचलायचे

हा खेळाडू किती गुण मिळवेल, एवढाच प्रश्न नवखा माणूस विचारतो. तो पुरेसा नाही. याला आता सोडले तर याच जागेसाठी शेवटी माझ्या हाती कोण उरेल, आणि दोघांत फरक किती, हा खरा प्रश्न. समजा सर्वोत्तम गोलकीपर हंगामात १५० गुण देईल आणि शेवटच्या फेरीत मिळणारा १२०, फरक ३०. चांगला फॉरवर्ड १७० देईल आणि शेवटी उरलेला ८०, फरक ९०. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत गोलकीपर घेणारा माणूस ३० गुणांसाठी ९० गुण सोडतो.

फॉरवर्डची टंचाई साध्या गणितात दिसते. ८ संघांना प्रत्येकी ३, म्हणजे २४ फॉरवर्ड लागतात. प्रीमियर लीगमध्ये क्लब २०, आणि बहुतेक क्लब एकच फॉरवर्ड खेळवतात. विंगर, म्हणजे कडेने हल्ला करणारे, या खेळात बहुधा मिडफिल्डर म्हणून नोंदलेले असतात. म्हणजे नियमित खेळणारे जेमतेम विसाच्या आसपास. कोणाच्या तरी वाट्याला बाकावरचा माणूस येणारच. मिडफिल्डर ४० लागतात, पण क्लबागणिक चार-पाच असल्याने ते पुरून उरतात. गोलकीपर १६ लागतात आणि नियमित खेळणारे २० असतात. चार शिल्लक राहतातच, म्हणून गोलकीपर शेवटच्या फेऱ्यांत. १२ जणांची लीग असेल तर हे पालटते : २४ गोलकीपर लागतात, आणि मग एक तरी भरवशाचा गोलकीपर मधल्या फेऱ्यांत घ्यावा लागतो.

पहिल्या दोन फेऱ्यांत मात्र टंचाईचे गणित बाजूला ठेवून, जो खरोखर सगळ्यांच्या पुढे आहे त्याला घ्यावे. गोलाला फॉरवर्डला ४ गुण, मिडफिल्डरला ५, डिफेंडरला ६. असिस्टला, म्हणजे गोलासाठी दिलेल्या पासला, सगळ्यांना ३. त्यामुळे फॉरवर्डसारखा खेळणारा पण मिडफिल्डर म्हणून नोंदलेला माणूस सगळ्यांत मोलाचा. मोहम्मद सलाहने २०२४-२५ मध्ये २९ गोल आणि १८ असिस्टच्या जोरावर ३४४ गुण मिळवले, ते मिडफिल्डर म्हणूनच. पेनल्टी, फ्री किक आणि कॉर्नर कोण घेतो हे प्रत्येक क्लबासाठी आधीच टिपून ठेवावे. दोन खेळाडू सारखे वाटले तर पेनल्टी घेणारा उचलावा.

डिफेंडरचे मोल २०२५-२६ पासून बदलले. ६० मिनिटे खेळून संघाने गोल न खाल्ल्यास ४ गुण हे पूर्वीपासून आहे, आणि दर दोन गोल खाल्ले की १ गुण कापला जातो. आता क्लिअरन्स (चेंडू दूर उडवणे), ब्लॉक (फटका अडवणे), इंटरसेप्शन (पास मधेच तोडणे) आणि टॅकल (पायातून चेंडू काढणे) मिळून एका सामन्यात १० झाले की डिफेंडरला २ गुण मिळतात. मिडफिल्डर आणि फॉरवर्डसाठी चेंडू परत मिळवणेही धरतात, पण आकडा १२ चा. कामठीच्या मैदानांवर फुटबॉल बघत मोठा झालेला कोणीही सांगेल की चेंडू उडवून लावणारा स्टॉपर संघाचा कणा असतो. फॅन्टसीने त्याला उशिरा का होईना, न्याय दिला. याचा परिणाम असा की सतत दबावाखाली खेळणाऱ्या खालच्या क्लबाचा सेंटर बॅकही (हाच तो स्टॉपर) कामाचा ठरतो, आणि तो अकराव्या-बाराव्या फेरीत मिळतो.

ड्राफ्टचा दिवस

८ जणांच्या १५ फेऱ्या म्हणजे १२० निवडी. प्रत्येकी एक मिनिट धरले तरी दोन तास. हंगाम ऑगस्टच्या मध्यावर सुरू होतो, नागपुरात तेव्हा पावसाचे दिवस. पावसात वीज गेली आणि वाय-फाय बंद पडले की वेळ संपून खेळाडू आपोआप निवडला जातो. म्हणून फोनवर डेटा चालू ठेवावा, आणि पसंतीच्या किमान ३० खेळाडूंची वॉचलिस्ट क्रमाने लावून ठेवावी. आपोआप निवड आधी तिच्यातून होते.

ड्राफ्ट शक्य तितका पहिल्या सामन्याच्या जवळ ठेवावा. २०२५ मध्ये हंगाम १५ ऑगस्टला सुरू झाला आणि खेळाडूंच्या खरेदी-विक्रीची मुदत १ सप्टेंबरला संपली. जुलैत निवडलेला माणूस स्पेन किंवा सौदीला गेला तर तुमची निवड वाया. पोळा-मारबतीच्या सुमारास ही उलथापालथ शांत होते, तोवर संघात एक-दोन जागा हलत्या ठेवाव्यात.

वेव्हर आणि डेडलाइन

ड्राफ्टनंतर मोकळे राहिलेले खेळाडू वेव्हरने मिळतात. मागणी नोंदवायची, आणि गुणतक्त्यात जो तळाशी त्याला आधी संधी. मागणी मान्य झाली की तो रांगेत शेवटी जातो, म्हणून किरकोळ खेळाडूसाठी आपला नंबर खर्चू नये. गेमवीक म्हणजे सामन्यांची एक फेरी, आणि डेडलाइन म्हणजे तिच्यासाठी संघ लावण्याची शेवटची वेळ. वेव्हरच्या मागण्या या डेडलाइनच्या २४ तास आधी निकाली निघतात. त्यानंतर उरलेले खेळाडू जो आधी घेईल त्याचे.

डेडलाइन पहिल्या सामन्याच्या ९० मिनिटे आधी असते. शनिवारी इंग्लंडमध्ये साडेबाराचा सामना असेल तर नागपुरात दुपारी ३:३०, आणि वेव्हर शुक्रवारी ३:३० ला. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे, इंग्लंडमधली घड्याळे एक तास मागे जातात आणि आपल्याकडे ही वेळ ४:३० होते. मार्चच्या शेवटच्या रविवारी पुन्हा पूर्ववत. सगळ्यांत जास्त घोळ होतो तो शुक्रवारी रात्री आठच्या सामन्याने. उन्हाळी वेळेत आपली डेडलाइन रात्री ११, हिवाळ्यात रात्री १२. शनिवारी सकाळी तर्री-पोहे खाताना संघ लावू म्हणणाऱ्याचा गेमवीक तोवर सुरू झालेला असतो.

बाकावरच्या खेळाडूंचा क्रमही दर आठवड्याला तपासावा. अकरातला कोणी एक मिनिटही खेळला नाही तर बाकावरून क्रमाने बदली होते. पण तो शेवटची पाच मिनिटे जरी उतरला तरी बदली होत नाही आणि बहुधा १ गुणावर समाधान मानावे लागते. म्हणून पूर्ण बरा न झालेला खेळाडू अकरात ठेवण्यापेक्षा बाहेर बसवणे बरे.