प्रकल्प अलायन्स

प्रकल्प अलायन्स : मालक, आरेखक, कंत्राटदार आणि मुख्य पुरवठादार यांनी एकाच करारावर सह्या करून बांधकामातला नफा-तोटा वाटून घेण्याची पद्धत. नेहमीच्या निविदेत सर्वांत कमी दरवाल्याला काम मिळते, आणि पायाखाली अनपेक्षित खडक लागला की त्याचा खर्च कोणी सोसायचा यावर पत्रव्यवहार सुरू होतो. अलायन्समध्ये खडक सगळ्यांचाच.

पद्धतीचा उगम उत्तर समुद्रातला. बीपी कंपनीला अँड्र्यू तेलक्षेत्र जुन्या खर्चात परवडेना, म्हणून तिने सात कंत्राटदारांबरोबर अलायन्स केली. लक्ष्य खर्च, म्हणजे सर्वांनी आधी मान्य केलेला अपेक्षित खर्च, 37.3 कोटी पौंड ठरला, काम सुमारे 29 कोटींत झाले आणि 1996 मध्ये तेल ठरल्या वेळेच्या सहा महिने आधी निघाले. इमारतीसाठी ही पद्धत प्रथम वापरली गेली ती कॅनबेरातील ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संग्रहालयासाठी. संघराज्याच्या शताब्दीमुळे 2001 चा मुहूर्त टळणार नव्हता, वाद घालत बसायला सवडच नव्हती.

पैशाचे तीन भाग असतात. पहिला, थेट खर्च : मजुरी, साहित्य, यंत्रे. हा हिशेबाच्या वह्या उघड्या ठेवून जसाच्या तसा चुकता होतो. दुसरा, कंपनीचा ओव्हरहेड (कार्यालय वगैरेंचा अप्रत्यक्ष खर्च) व नफा मिळून होणारे शुल्क. तिसरा, बचतीतला किंवा तोट्यातला वाटा. समजा लक्ष्य खर्च 100 कोटी रुपये आहे (थेट 88, शुल्क 12) आणि वाटणी निम्मी-निम्मी. एकूण खर्च 96 कोटींत आटोपला, तर बचतीतले 2 कोटी कंत्राटदारांच्या गटाला. तो 130 कोटींवर गेला, तर गटाच्या वाट्याला 15 कोटींचा तोटा येतो. पण बहुतेक करारांत तोट्याची मर्यादा शुल्काइतकीच असल्याने 12 कोटी बुडून तो थांबतो. उरलेले 18 कोटी मालकाचे. जोखीम समान वाटली जाते असे सर्रास म्हटले जाते, ते या आकड्यांपुढे टिकत नाही.

निर्णय सर्व पक्षांचे वरिष्ठ अधिकारी असलेले मंडळ एकमताने घेते. त्याच्या हाताखाली संयुक्त चमू असतो. त्यातली माणसे कंपनी पाहून नव्हे, काम पाहून नेमायची. ‘दोष नाही, दावा नाही’ हे कलम मुख्य : जाणूनबुजून केलेला करारभंग सोडला, तर एकमेकांवर कोर्टात वा लवादात जाता येत नाही.

खरी मेख लक्ष्य खर्चात आहे. कंत्राटदाराची निवड आधी गुणांवर होते आणि आकडा नंतर सर्वांनी मिळून काढायचा असतो, त्यामुळे तो फुगवण्याचा मोह होतो. फुगवलेल्या आकड्याखाली झालेली ‘बचत’ म्हणजे मालकाचेच पैसे मालकाला दाखवून त्यातला हिस्सा मागणे. म्हणून स्वतंत्र अंदाजक आणि लेखापरीक्षक पहिल्या दिवसापासून बसवावे लागतात. दुसरा उपाय दोन चमूंकडून समांतर आराखडा व किंमत काढून घेण्याचा. त्यात मालकाला साधारणपणे हरणाऱ्या चमूचाही खर्च द्यावा लागतो. ऑस्ट्रेलियाच्या 2011 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनी किमतीच्या स्पर्धेलाच झुकते माप दिले.

विम्याची अडचण उशिरा लक्षात येते. आरेखकाचा व्यावसायिक दायित्व विमा त्याची चूक आणि देणे सिद्ध झाल्यावर पैसे देतो. इथे तर दावाच सोडलेला. त्यामुळे दोष सिद्ध न करता भरपाई देणारी, साऱ्या प्रकल्पाची एकच पॉलिसी घ्यावी लागते. ती कराराच्या मसुद्याबरोबरच ठरवावी.

लहान, ठरीव कामाला एवढा डोलारा परवडत नाही. शाळेच्या चार खोल्यांसाठी महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाचा टक्केवारी दराचा (अंदाजापेक्षा किती टक्के कमी वा जास्त ते सांगण्याचा) बी-1 निविदा-नमुना पुरेसा आहे. भारतात सरकारी कामांत अलायन्सला मुख्य अडसर सर्वांत कमी दराच्या, म्हणजे ‘एल-1’च्या नियमाचा. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या ऑक्टोबर 2021 च्या सूचनांनी गुणवत्ताप्रधान ठरवलेल्या कामांत किमतीखेरीजच्या निकषांना वजन देऊ केले, पण जास्तीत जास्त 30 टक्के.