समुद्र नसलेल्या गावांपर्यंत पोचलेल्या लाटा : सर्फिंगच्या चित्रपटांची पार्श्वभूमी

सर्फिंग म्हणजे फळीवर उभं राहून समुद्राच्या लाटेवर स्वार होण्याचा खेळ. त्याचा चित्रपट लावला की आमच्याकडे इंदुरात एक प्रश्न हमखास निघतो. पडद्यावरची ही माणसं खेळाडू की नट? स्पर्धा दिसत नाही, गुणफलक दिसत नाही, कोणी जिंकत नाही की हरत नाही. नावं मात्र जगज्जेत्यांची असतात. प्रश्न अगदी रास्त आहे. सर्फिंगमध्ये कॅमेरा आधी आला आणि पोटापाण्याची सोय नंतर झाली. व्यावसायिक सर्फर घडवण्यात स्पर्धांइतकाच, माझ्या मते काकणभर जास्तच, वाटा या चित्रपटांचा आहे.

लाटेवर उभ्या राहिलेल्या माणसाचं चित्रण तसं जुनं. एडिसनच्या कंपनीच्या रॉबर्ट बोनाइननं १९०६ मध्येच हवाईतल्या वायकिकीच्या किनाऱ्यावर ते केलं होतं. पण सर्फरनं सर्फरांसाठी काढलेला चित्रपट आला तो १९५३ साली. कॅलिफोर्नियातला बड ब्राउन हा जीवरक्षक आणि शिक्षक. हवाईला जाऊन १६ मिमीच्या कॅमेऱ्यानं त्यानं मित्रांच्या करामती टिपल्या आणि सांता मोनिकातल्या एका शाळेच्या सभागृहात त्या दाखवल्या. तिकीट ६५ सेंट. फिल्मला आवाज नव्हता, म्हणून ब्राउन स्वतःच माइक घेऊन बोलायचा. पुढे हाच धंद्याचा रिवाज झाला. सभागृह स्वतः भाड्यानं घ्यायचं, खांबाखांबांवर पोस्टर स्वतः चिकटवायची, दारात तिकिटं फाडायची आणि खेळ संपला की पुढचं गाव गाठायचं. नाटक कंपन्यांचे दौरे ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना हे काही वेगळं सांगायला नको. जॉन सेव्हरसननं तर १९६० मध्ये आपल्या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी एक पुस्तिका काढली आणि तिचंच पुढे ‘सर्फर’ हे मासिक झालं.

याच रांगेतला ब्रूस ब्राउन. बडचा नातेवाईक नव्हे, आडनाव तेवढं एक. माइक हिन्सन आणि रॉबर्ट ऑगस्ट या दोन तरुणांना घेऊन तो उन्हाळ्याच्या मागे मागे जगभर फिरला. खरं तर जायचं होतं फक्त दक्षिण आफ्रिकेला. पण केपटाउनला जाऊन परत येण्यापेक्षा पृथ्वीप्रदक्षिणेचं तिकीट ५० डॉलरनं स्वस्त पडत होतं! सेनेगल, घाना, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ताहिती असा तो प्रवास झाला आणि ‘द एंडलेस समर’ तयार झाला. किनाऱ्यावरच्या शहरांत तो चालला, पण मोठे वितरक हात लावेनात. समुद्रापासून आत राहणारा माणूस हे कशाला बघेल, असं त्यांचं म्हणणं.

ब्राउननं मग भर हिवाळ्यात गाठलं विचिटा. कॅन्सस राज्यातलं, अमेरिकेच्या अगदी पोटातलं, गव्हाच्या शेतांनी वेढलेलं शहर. बाहेर बर्फ पडत होतं आणि आत दोन आठवडे तुडुंब गर्दी. त्यानंतर न्यूयॉर्कमध्ये थिएटर भाड्यानं घेऊन त्यानं चित्रपट लावला, १९६६ मध्ये तो देशभर गेला आणि २००२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहासाठी निवडला गेला. या सगळ्या इतिहासातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग विचिटाचा आहे. आम्हा माळव्यातल्या लोकांसाठी समुद्र म्हणजे अवंतिका एक्स्प्रेसमधली एक रात्र आणि मग कुठे मुंबईची चौपाटी. ज्यांनी लाट अंगावर घेतलेली नाही त्यांनाही ती अंगावर येताना कळू शकते, हे विचिटाच्या प्रेक्षकांनी सिद्ध केलं. इंदूरचा प्रेक्षक त्यांचाच भाऊबंद आहे.

तोवर कॅमेरा बहुधा वाळूत तिपाईवर उभा असायचा. त्याला लाटेच्या पोटात नेलं जॉर्ज ग्रीनो या विक्षिप्त प्रतिभेच्या माणसानं. जलरोधक पेटीत बसवलेला बारा-तेरा किलोंचा कॅमेरा पाठीवर बांधून तो गुडघ्यांवर बसून लाटेत शिरायचा आणि भिंग मागे वळलेलं असायचं. लाट वाकते, पुढे झेपावते आणि पाण्याची एक फिरती नळी तयार होते. तिच्या आतून मागे पाहिलं की हिरवट भिंत गोल वळत डोक्यावरून पुढे जाताना दिसते आणि तळाचं पाणी वर खेचलं जाताना दिसतं. हे दृश्य तोवर फक्त सर्फरांच्या आठवणीत होतं. १९७३ च्या ‘क्रिस्टल व्हॉयेजर’मध्ये ग्रीनोची ही दृश्यं पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडच्या ‘एकोज’ या दीर्घ रचनेसोबत येतात. आज छातीवर किंवा फळीच्या टोकाला लावायचा इवलासा कॅमेरा सगळ्यांना माहीत आहे. त्याची वाट ग्रीनोनं आधीच चालून ठेवली होती.

१९७६ मध्ये जगभरच्या स्पर्धा एका साखळीत आल्या आणि पहिला व्यावसायिक विश्वविजेता ठरला ऑस्ट्रेलियाचा पीटर टाउनएंड. बक्षिसाच्या रकमा तुटपुंज्या होत्या. या पिढीला चेहरा दिला तो १९७७ च्या बिल डिलेनीच्या ‘फ्री राइड’नं. दक्षिण आफ्रिकेचा शॉन टॉमसन, ऑस्ट्रेलियाचे वेन ‘रॅबिट’ बार्थोलोम्यू आणि मार्क रिचर्ड्स हे तिघं त्याचे नायक. डॅन मर्केल कॅमेरा घेऊन हवाईच्या लाटांमध्ये पोहत होता आणि त्यानं मंदगतीत टिपलेला टॉमसन आजही पाहावा असा आहे. आधीचे सर्फर नळीत शिरले की फळी सरळ रोखून धरत, टॉमसन मात्र आतल्या आत फळी वरखाली वळवत वेग घेतो. किनाऱ्यावर बसलेल्या परीक्षकाला हे दिसणंच शक्य नव्हतं. पुढे तिघेही विश्वविजेते झाले.

व्हीसीआर घरोघरी आला तशी सभागृहं ओस पडली आणि खर्च कपड्यांच्या आणि फळ्यांच्या कंपन्या उचलू लागल्या. १९९२ मध्ये वीस वर्षांच्या टेलर स्टीलनं पंक या वेगवान रॉक संगीताच्या तालावर जुळवलेला ‘मोमेंटम’ व्हिडिओ कॅसेटवर आणला. निवेदन नाही, प्रवासवर्णन नाही, एकामागून एक लाटा. त्यातला केली स्लेटर त्याच वर्षी प्रथम विश्वविजेता झाला आणि पुढे त्यानं अशी ११ विजेतेपदं मिळवली. याच सुमारास तीन वेळचा विजेता टॉम करेन स्पर्धांची धावपळ सोडून प्रायोजकाच्या खर्चानं आडवाटेच्या लाटा शोधत फिरू लागला आणि कॅमेरा त्याच्या मागे. स्पर्धेत न उतरता केवळ चित्रीकरणावर जगणारा सर्फर ही जात इथून रूढ झाली. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर करेनसारखे लोक नट नाहीत, पण कॅमेऱ्यासमोर लाट घेणं हेच त्यांचं काम आहे.

स्त्रियांना मात्र या पडद्यावर फार उशिरा जागा मिळाली, आणि ही या परंपरेची मोठी उणीव आहे. २००२ च्या ‘ब्लू क्रश’ या कथापटात कीला केनेली, रोशेल बॅलार्ड या व्यावसायिक सर्फर स्वतः लाटांवर दिसल्या. २०१४ च्या ‘बियाँड द सरफेस’मध्ये परदेशी सर्फर मुलींबरोबर आपली इशिता मालवीय आहे. ती मुंबईची. मणिपालला शिकायला गेली आणि तिथल्या किनाऱ्यावर सर्फिंगमध्ये रमली. चित्रपट दक्षिण भारतातच घडतो.

पाहायला सुरुवात करायची असेल तर माझा क्रम असा : आधी ‘एंडलेस समर’, तोही चार जणांबरोबर, मोठ्या पडद्यावर. मग ‘फ्री राइड’. ‘मोमेंटम’ घरी चालेल, आवाज मोठा ठेवून. आणि शेवटी हवाईचा सर्फर जॉन जॉन फ्लोरेन्स याचा २०१५ मधला ‘व्ह्यू फ्रॉम अ ब्लू मून’. तो ४के, म्हणजे बारीक तपशीलही स्पष्ट दिसणाऱ्या चित्रदर्जात चित्रित केलेला आहे, त्यामुळे मोबाइलवर पाहू नका.