पालकांना निदानकथन : प्रशिक्षण

बालकाचा गंभीर, असाध्य किंवा आजन्म सोबत राहणारा विकार त्याच्या आईवडिलांना कसा सांगावा, याचे वैद्यकीय विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. जन्मजात हृदयदोष, डाऊन लक्षणसमूह, मेंदूचा पक्षाघात (सेरेब्रल पाल्सी), रक्ताचा कर्करोग अशा निदानांच्या वेळी त्याचा विशेष उपयोग होतो.

या विषयाचा आरंभ कोठे धरावा, याविषयी मतभेद संभवतो. मरणसूचक लक्षणे दिसत असली तरी वैद्याने ती कोणी विचारल्याशिवाय सांगू नयेत, आणि विचारल्यावरही रुग्णाला ‘किंवा अन्य कोणाला’ आघात होईल तेथे सांगू नयेत, असे चरकसंहितेच्या इंद्रियस्थान या विभागात म्हटले आहे. विमानस्थान या विभागातील, शिष्याला करावयाच्या उपदेशातही हाच आशय आहे. संहितेचा काळ अनिश्चित असून तो साधारणपणे इ. स. पू. पहिले ते इ. स. दुसरे शतक यांदरम्यान मानतात. संहितेचा नंतरचा संस्कारक दृढबल याने भर घातलेले अध्याय चिकित्सा, कल्प व सिद्धी या स्थानांतील असल्याने ही वचने त्यांहून जुनी असावीत. ‘अन्य कोणाला’ यात आप्तही येत असल्याने आरंभ येथेच धरण्याचा मोह होतो. तथापि येथे भर मौनावर आहे, सांगण्याच्या पद्धतीवर नाही. म्हणून ही पूर्वपीठिका मानणे अधिक सयुक्तिक होय. पश्चिमेतही दीर्घकाळ मौनच रूढ होते. अमेरिकेत १९६१ मधील एका पाहणीत सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल कर्करोगाचे निदान रुग्णाला न सांगण्याकडे होता. १९७९ मध्ये ९७ टक्के डॉक्टर ते सांगण्याच्या बाजूचे निघाले.

अध्यापनाची साधने मात्र अलीकडची आहेत. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिस येथे रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीचा वापर सुरू केला. रोनाल्ड हार्डेन व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील वस्तुनिष्ठ प्रात्यक्षिक परीक्षापद्धती (विद्यार्थी एकामागून एक केंद्रांवर ठरावीक कामे करून दाखवतो ती) प्रसिद्ध केली. वॉल्टर बेल, रॉबर्ट बकमन व इतरांनी २००० मध्ये मांडलेला ‘स्पाइक्स’ हा सहा टप्प्यांचा आराखडा आज सर्वाधिक शिकवला जातो : योग्य जागा, ऐकणाऱ्याची समज, त्याची जाणून घेण्याची इच्छा, माहिती, भावनांना प्रतिसाद आणि पुढील योजना.

हा आराखडा कर्करुग्णांसाठी रचलेला असल्याने पालकांच्या बाबतीत त्याचा तिसरा टप्पा अडतो. प्रौढ रुग्ण स्वतःविषयी ‘मला नको सांगू’ म्हणू शकतो. बालकाच्या उपचाराला संमती देणाऱ्या पालकांना ती मुभा फारशी नसते. त्या दृष्टीने क्लिफ कनिंगहॅम व सहकाऱ्यांचे १९८४ मधील इंग्लंडमधील काम अधिक उपयुक्त ठरते. दोघा पालकांना एकत्र, एकांतात, शक्यतो बाळ जवळ असताना, लवकर सांगावे आणि पुन्हा भेटीची खात्री द्यावी, अशा पद्धतीने सांगितल्यास पालकांचे असमाधान टळू शकते, असे त्यात दिसून आले.

भारतात वृत्ती, नीती व संवाद यांविषयीचा ‘एटकॉम’ अभ्यासक्रम २०१८ मध्ये तयार झाला व २०१९ च्या एम.बी.बी.एस. प्रवेशांपासून लागू झाला. प्रत्यक्ष सरावात एक विद्यार्थी डॉक्टर होतो, दोघे आईवडील होतात. ‘गुणसूत्र एकवीस’ (याची जादा प्रत म्हणजे डाऊन लक्षणसमूह) उच्चारताच समोरची आई बोलायची थांबते. नवखा विद्यार्थी ती शांतता लगेच आकडेवारीने किंवा ‘काळजी करू नका’ने भरून काढतो, आणि अध्यापक त्याला तेथेच थांबवतात. बाळाचा उल्लेख ‘केस’ असा न करता नावाने करणे, हाही सरावाचा भाग असतो.

आपल्याकडचा नेहमीचा पेच पाश्चात्त्य आराखड्यांत जेमतेम येतो : ‘सुनेला इतक्यात काही सांगू नका’ असे घरातील वडीलधारे डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगतात. अशा वेळी त्यांना न दुखावता, पण आईला न वगळता, सर्वांना एकत्र बसवून बोलणे इष्ट होय.