कणा वाकडा, तरी जोडी लावायची?

पाळलेल्या बियर्डेड ड्रॅगनच्या कण्याला बाक आहे, शेपटीला गाठ आहे, पण खातोपितो झकास. याची जोडी लावू का, असं जळगाव-भुसावळकडचं कुणी विचारलं, तर मी आधी विचारतो : अंडी कुठल्या महिन्यात उबवली होती?

या ऑस्ट्रेलियन सरड्याची अंडी २८ ते ३० अंशांना नीट उबतात. साधा इनक्युबेटर फक्त तापवतो, गार करत नाही. मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर गेली, तर डबाही तिथेच जाणार. ३२ अंशांच्या वर तर नर व्हायचं पिल्लू मादी होऊन बाहेर येऊ शकतं; जंगलातही असं घडतं, हे २०१५ साली सिद्ध झालं. उष्णतेचा जोर एवढा, तिथे कण्याचं काय! उष्णतेने आलेलं हे व्यंग रक्तातलं नसतं.

दुसरं कारण उपासमारीचं. कॅल्शियम कमी आणि उन्हातले यूव्हीबी किरण नाहीत, की हाडं मऊ पडतात, जबडा दाबला तर लवतो, पाय वाकतात. टाकी खिडकीशी ठेवून भागत नाही; काच हे किरण अडवते. हेही पिल्लांत उतरत नाही.

तिसरं कारण मात्र उतरतं. बॉल पायथन या अजगराच्या ‘स्पायडर’ वाणात सुंदर नक्षीसोबत आतल्या कानाचा दोष येतो. साप मान उलटी टाकतो, भक्ष्यावरचा नेम चुकतो आणि सुमारे निम्म्या पिल्लांना हेच मिळतं. तरी तो वर्षानुवर्षं विकला गेला, याचा मला मनापासून राग येतो.

रावेर-यावलच्या केळीवाल्याला हा फरक सांगावा लागत नाही. वादळाने मोडलेल्या झाडाचा मुनवा (बुंध्याचा कोंब) तो ठेवेल, हरण्या हा विषाणूचा रोग लागलेल्याचा कधीच नाही.

पण कारण नक्की ठाऊक नसेल तर? मग ते रक्तातलंच धरावं. ‘एकदा अंडी काढून बघू’ हा प्रयोग मला मान्य नाही. ती पिल्लं पुढे दहा वर्षं जगायची असतात. धडधाकट दिसणाऱ्या सख्ख्या भावंडांची जोडीही नको, कारण लपलेला दोष दोघांतही असू शकतो.

मादीच वाकडी असेल, तर कारण कुठलंही असो, माझं उत्तर नाहीच. एका वेळी वीसेक अंडी, त्यांचं कॅल्शियम तिच्याच हाडांतून जातं. कंबरेचं हाड अरुंद असेल तर अंडी अडकू शकतात आणि त्यात ती मरूही शकते. एक्स-रे काढला की हे दिसतं.

(घोरपड किंवा तारा कासव पाळणं हाच १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, त्यांच्या पैदाशीचा प्रश्नच नाही.)

नर-मादी वेगळे ठेवा. आधीच मिलन झालं असेल, तर मादी शुक्राणू साठवून नंतरही अंडी घालते. तिला ओलसर मातीचा खोल डबा आणि कॅल्शियम द्या, आणि अंडी त्याच दिवशी फ्रीजरमध्ये ठेवा, म्हणजे आत पिल्लं वाढणारच नाहीत.